खेचरांसाठी बांधलेली वाट: पोटोमॅक खोऱ्यातील ग्रॅव्हल सायकल मार्गांचे परीक्षण

अमेरिकेच्या पूर्व भागात ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडीच्या आणि कच्च्या रस्त्यांसाठीची रुंद टायरची सायकल, चालवणाऱ्यांच्या बोलण्यात चेसापीक अँड ओहायो कालव्याचे नाव हटकून येते. वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउनपासून मेरीलँडच्या पश्चिम भागातील कंबरलँडपर्यंत, पोटोमॅक नदीचा डावा काठ धरून जाणारी १८४.५ मैलांची, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटरची ही वाट आज राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहे आणि तिच्यावर मोटारींना प्रवेश नाही. तिची स्तुती इतकी ऐकू येते की नवखा माणूस बारीक खडीच्या गुळगुळीत रस्त्याची अपेक्षा धरून येतो आणि पहिल्याच पावसात हिरमुसला होऊन परततो. ही वाट मुळात मालाने भरलेल्या बोटी दोराने ओढणाऱ्या खेचरांसाठी बांधली गेली, आणि तिचे बहुतेक सगळे गुण व बहुतेक सगळे दोष त्या एका गोष्टीतून निघतात. हे परीक्षण लिहिताना मी तिच्याकडे त्याच नजरेने पाहिले आहे. जोडीला नदीपलीकडच्या व्हर्जिनियातील लाउडन काउंटीचे कच्चे रस्ते आणि कंबरलँडच्या पुढे जाणारा ग्रेट ॲलिगेनी पॅसेज यांचाही विचार केला आहे, कारण या खोऱ्यात सायकल घेऊन येणारा माणूस बहुधा या तिघांतून एकाची निवड करत असतो.

कालव्याचे काम ४ जुलै १८२८ रोजी सुरू झाले. राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी पहिले फावडे मारले आणि त्याच दिवशी बाल्टिमोरमध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला दगड बसवला गेला. दोन्ही कंपन्यांना एकाच खोऱ्यातून पश्चिमेकडे जायचे होते. रेल्वे १८४२ मध्ये कंबरलँडला पोहोचली, तर कालव्याला तिथवर येण्यासाठी १८५० साल उजाडले, आणि ओहायो नदीपर्यंत जाण्याचा मूळ बेत तिथेच सोडून द्यावा लागला. तरीही कंबरलँडच्या खाणींचा कोळसा खाली आणण्याचे काम या कालव्याने १९२४ पर्यंत केले. बोट ९२ फूट लांब आणि साडेचौदा फूट रुंद असे, आणि ती लॉकमध्ये अगदी जेमतेम जागा राखून शिरत असे. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना लाकडी दारे असलेले दगडी टाके. त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट सुमारे आठ फूट वर अथवा खाली घेतली जाई. अशी ७४ लॉक मिळून एकूण ६०५ फुटांचा, म्हणजे सुमारे १८४ मीटरचा फरक भरून काढतात.

सायकलस्वाराच्या दृष्टीने या हिशेबाचा अर्थ फार सरळ आहे. दोन लॉकच्या मध्ये पाणी सपाट असायलाच हवे, म्हणून खेचरांची वाटही सपाट आहे. चढ येतो तो फक्त लॉकपाशी, तोही सायकलच्या दोन-चार लांब्यांपुरता. सामानाने लादलेली सायकल घेऊन, फारसा सराव नसलेल्या माणसाला एवढे अंतर कापता येईल असे मार्ग कमीच आढळतात. पण सपाटीची किंमतही मोजावी लागते. उतार नसल्यामुळे पाय कधीच थांबत नाहीत, सीटवरची बसण्याची ढब तासन्‌तास बदलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोटऱ्यांपेक्षा तळहात आणि बूड जास्त तक्रार करू लागतात. चढ-उतारांच्या रस्त्यावर शरीर आपोआप उठते-बसते. इथे ते आठवणीने करावे लागते. दर मैलाला खुणेचा खांब आहे, त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने उभे राहून पॅडल मारण्याची शिस्त लावून घेणे सोपे जाते.

पृष्ठभागाविषयी नेमके बोलायला हवे, कारण माहितीपत्रके या बाबतीत मोघम असतात. जॉर्जटाउन ते ग्रेट फॉल्स आणि त्याच्या थोड्या वरपर्यंत वाट रुंद, दाबलेली आणि बऱ्यापैकी एकसारखी आहे. त्यापुढच्या काही टप्प्यांवर अलीकडच्या वर्षांत दगडाची भुकटी घालून रोलर फिरवला गेला आहे, आणि तिथे ३२ मिलिमीटरचा टायरही सुखाने धावतो. उरलेल्या बऱ्याच भागात, विशेषतः हॅनकॉक गावाच्या वर, म्हणजे कंबरलँडच्या बाजूला, जुने रूप कायम आहे: चाकांनी पडलेल्या दोन चाकोऱ्या, मध्ये गवताची पट्टी, झाडांची आडवी मुळे, आणि सावलीत दिवसेंदिवस न सुकणारी डबकी. तिथे ४० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर, कमी हवा आणि जमल्यास ट्यूबलेस, अशी माझी शिफारस राहील. सस्पेन्शनची गरज नाही. पण पातळ टायरची रोड बाइक घेऊन सबंध मार्ग करायला निघणे हा निव्वळ हट्ट आहे. चाकोरी बदलताना मधल्या गवतात दडलेला दगड किंवा मूळ पुढच्या चाकाला लागते, म्हणून ज्या चाकोरीत आहोत तिच्यातच राहावे आणि ओलांडायची वेळ आली तर जरा काटकोनात ओलांडावे, हे लवकर अंगवळणी पडते.

पावसाने या मार्गाचे स्वरूप पार बदलते. वाटेचा पाया मातीचा आहे, आणि ज्या झाडांची सावली उन्हाळ्यात वरदान वाटते तीच झाडे पावसानंतर जमीन सुकू देत नाहीत. इथल्या चिखलाचा एक विशेष असा की तो पाण्यासारखा उडत नाही, चिकटतो. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये पाने आणि माती यांचा थर बसत जातो, आधी खरखर ऐकू येते, मग चाक जड होते, आणि शेवटी उतरून काडीने तो थर खरवडून काढावा लागतो. शंभर पावलांवर पुन्हा तेच. त्यामुळे मडगार्ड लावायचे तर टायरच्या वर बोटभर मोकळी जागा सुटेल असे लावावे, नाहीतर मागच्या कॅरिअरवर आडवी फळी बसवून भागवावे. जोराच्या पावसानंतर एक-दोन दिवस थांबता येत असेल तर थांबणे केव्हाही शहाणपणाचे. थांबणे शक्य नसेल तर त्यावर एक उतारा खोऱ्यातच आहे: बिग पूलपासून हॅनकॉकमार्गे लिटल ऑर्लिन्सपर्यंत वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेल हा जुन्या रेल्वेच्या जागेवरचा सुमारे २८ मैलांचा डांबरी मार्ग कालव्याला अगदी लागून जातो. वटवाघळांसाठी राखलेला इंडिगो बोगदा टाळण्यासाठी मध्येच थोडे अंतर कालव्याच्या वाटेवर उतरावे लागते, एरवी तो टप्पा कोरड्या चाकांनी पार होतो. खडीच्या निष्ठेपायी तो टाळणारे लोक मी पाहिले आहेत; त्यांच्या चेनचे पुढे काय झाले हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

आता टप्प्यांविषयी. वाट जिथून सुरू होते तो शून्य मैलाचा खांब जॉर्जटाउनमध्ये एका बोट क्लबच्या मागे नदीकाठी आहे आणि तो शोधणे हेच एक काम होऊन बसते. पुढे जॉर्जटाउनमधली अरुंद, विटांच्या भिंतींमधली वाट पाहायला देखणी असली तरी चालणाऱ्यांनी भरलेली असते, आणि सुट्टीच्या दिवशी तिथे सायकल हातात धरूनच न्यावी. घाई असलेले लोक शेजारचा डांबरी कॅपिटल क्रेसेंट ट्रेल धरतात आणि फ्लेचर्स कोव्हपाशी परत कालव्यावर येतात. मला ते योग्य वाटते. ग्रेट फॉल्सला एकापाठोपाठ सहा लॉक चढून गेल्यावर पोटोमॅकचा धबधबा आहे. मार्गावर प्रवेश शुल्क लागते ते या एकाच ठिकाणी.

सेनेकापासून गर्दी विरळ होते. इथला जलसेतू, म्हणजे कालव्याला ओढ्यावरून नेणारा पूल, तांबड्या वालुकाश्माचा आहे. वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियनची जुनी तांबडी इमारत इथल्याच खाणींच्या दगडाची आहे. १९७१ च्या पुराने या जलसेतूची एक कमान वाहून गेली. त्याच्या पुढे मोनॉकसी नदीवरचा जलसेतू लागतो आणि सबंध मार्गावरचे सर्वांत डौलदार बांधकाम कोणते असे कोणी विचारले तर मी याचेच नाव घेईन. सात कमानी, ५१६ फूट लांबी, बांधकाम १८२९ ते १८३३, आणि शेजारच्या शुगरलोफ डोंगरातला पांढरट गुलाबी दगड. यादवी युद्धात, सप्टेंबर १८६२ मध्ये, दक्षिणेच्या सैन्याने तो सुरुंगाने उडवण्याचा प्रयत्न केला, पण दगड बधला नाही. १९७२ च्या ॲग्नेस वादळाच्या पुरानंतर मात्र त्याला लोखंडी आधारांचे जखडबंद घालावे लागले होते. २००५ मध्ये दुरुस्ती पूर्ण होऊन ते काढले गेले आणि आता पूल पुन्हा स्वतःच्या अंगावर उभा आहे. जलसेतूंवरून सायकल चालवू नये, हातात धरून न्यावी असा नियम आहे, आणि इथे तो पाळणे जड जात नाही.

पॉइंट ऑफ रॉक्सला डोंगर नदीच्या अगदी अंगावर येतो. या चिंचोळ्या पट्ट्यातून आधी कोण जाणार यावर कालवा आणि रेल्वे यांच्यात वर्षानुवर्षे खटला चालला आणि १८३२ मध्ये निकाल कालव्याच्या बाजूने लागला. पण शेवटी दोघांनीही ती जागा वाटून घेतली. त्या वाटणीचा परिणाम आजही कानांवर येतो. रेल्वे इथून पुढे बराच काळ वाटेच्या इतकी जवळ आहे की मालगाडी जाताना शेजारच्याशी बोलणे थांबवावे लागते. या पट्ट्यात रात्रीचा मुक्काम करणाऱ्याने कानात घालायचे बोळे जवळ ठेवावेत. तंबूपासून हाकेच्या अंतरावर मध्यरात्री शंभर डब्यांची गाडी जाते आणि तिच्या शिट्ट्यांना कोणाच्या झोपेची पर्वा नसते.

हार्पर्स फेरी ते विल्यम्सपोर्ट हा सुमारे चाळीस मैलांचा मधला टप्पा या मार्गाचा गाभा आहे. ज्यांच्याकडे दोनच दिवस आहेत त्यांनी दुसरीकडे कुठे जाऊ नये. शेनॅन्डोआ आणि पोटोमॅक यांच्या संगमावर वसलेल्या हार्पर्स फेरी गावात १८५९ च्या ऑक्टोबरात गुलामगिरीविरोधक जॉन ब्राउन यांनी सरकारी शस्त्रागार ताब्यात घेतले होते. ते प्रकरण यादवी युद्धाच्या आधीची ठिणगी मानले जाते. गाव मात्र नदीच्या पलीकडे आहे, आणि तिथे जाण्यासाठी रेल्वेपुलाला जोडलेल्या पादचारी पुलावर लोखंडी गोल जिना चढून जावे लागते. सामानाने भरलेली सायकल त्या जिन्यावरून खांद्यावर नेणे ही कसरत आहे. दोघे असतील तर एकाने पुढचे आणि एकाने मागचे चाक धरावे, एकटा असेल तर आधी पिशव्या वर नेऊन ठेवाव्यात. राष्ट्रीय उद्यानाच्या एवढ्या नावाजलेल्या ठिकाणी सायकलसाठी साधा उतरता रपटा नसावा, ही माझी उद्यान चालवणाऱ्यांबद्दलची सर्वांत मोठी तक्रार आहे.

तिथून वर अँटिएटम ओढ्याचा तीन कमानींचा जलसेतू येतो आणि थोडे पुढे उजवीकडच्या कड्यात किलियन्सबर्गची गुहा दिसते. १७ सप्टेंबर १८६२ रोजी शार्प्सबर्गच्या शेतांत अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत रक्तरंजित एका दिवसाची लढाई झाली, आणि सुमारे २३,००० माणसे मृत, जखमी किंवा बेपत्ता झाली. तेव्हा गावातील कुटुंबे तोफगोळ्यांपासून वाचण्यासाठी या गुहेत येऊन बसली होती. गुहा म्हणजे कड्याला पडलेली एक उथळ खोबण आहे. सायकल टेकवून तिच्या तोंडाशी उभे राहिले तर एवढ्याशा जागेत मुलाबाळांसह माणसे कशी मावली असतील असा प्रश्न पडतो. रणभूमी पाहायची असल्यास स्नायडर्स लँडिंगपासून शार्प्सबर्गकडे चढणाऱ्या डांबरी रस्त्याने जावे. सपाटीला सोकावलेल्या पायांना तो छोटा चढही चांगलाच जाणवतो, पण फेरी चुकवू नये.

नदीपलीकडचे शेपर्ड्सटाउन हे मुक्कामासाठी माझ्या आवडीचे गाव. ७२.८ व्या मैलावरच्या पुलावरून सायकल चालवतच तिथे जाता येते, विद्यापीठ असल्याने खाण्यापिण्याची दुकाने उशिरापर्यंत उघडी मिळतात, आणि शाकाहारी माणसावर केवळ बटाट्याच्या काचऱ्यांवर रात्र काढण्याची पाळी येत नाही, जी वरच्या भागातील लहान गावांत सहज येऊ शकते. जेम्स रम्सी यांनी आपली वाफेची बोट १७८७ मध्ये याच गावाजवळ पोटोमॅकवर चालवून दाखवली होती.

८५ ते ८८ मैलांमधील बिग स्लॅकवॉटरविषयी वेगळे सांगायला हवे. इथे कडा इतका उभा आहे की कालवा खोदणे परवडणारे नव्हते, म्हणून धरण बांधून नदीचेच पाणी अडवले गेले, बोटी नदीतून गेल्या आणि खेचरांसाठी कड्याच्या पायथ्याशी वाट कोरली गेली. १९९६ च्या पुरांनी ती मोडली आणि पुढे कित्येक वर्षे सायकलस्वारांना वळणांच्या, मोटारींच्या रस्त्याने वळसा घालावा लागे. २०१२ मध्ये काँक्रीटचा पट्टा बांधून ती पुन्हा सुरू झाली. आता एका हाताला चुनखडीचा कडा आणि दुसऱ्या हाताला स्थिर, रुंद पाणी, असे तीन मैल मिळतात. खडीवर प्रेम करणाऱ्यांना काँक्रीट आवडणार नाही, पण मी त्याला नाव ठेवणार नाही. ओल्या पानांवरून मात्र वळणे जपून घ्यावीत. पुढे विल्यम्सपोर्टला कॉनोकोचीग जलसेतूत २०१९ पासून पुन्हा पाणी खेळवले आहे. १९२० मध्ये एक बोट याच्या भिंतीला धडकून भिंतीसकट खाली ओढ्यात गेली होती. शंभर वर्षांनी त्याच सेतूत पर्यटकांची बोट तरंगताना पाहून कालवा चालत होता म्हणजे नेमके काय होत होते ते समजते, जे कोरड्या खड्ड्याकडे कितीही वेळ पाहून समजत नाही.

विल्यम्सपोर्टच्या वरचा भाग मी सर्वांना सुचवणार नाही. फोर्ट फ्रेडरिक हा १७५६ चा दगडी किल्ला आणि फोर लॉक्सची वाडी सोडली तर दिवसभर झाडी, कोरडा कालवा, नदीची एखादी झलक आणि पुन्हा झाडी असाच क्रम असतो. एकांत हवा असणाऱ्याला हा भाग प्राणाहून प्रिय होईल. दर तासाला काही तरी नवे पाहायला हवे अशा माणसाला तो कंटाळवाणा वाटेल, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. हॅनकॉक सोडले की दुकाने विरळ होतात, मोबाइलचे नेटवर्क बऱ्याच ठिकाणी गायब असते, आणि तुटलेली चेन जोडणे किंवा फाटलेल्या टायरला आतून ठिगळ लावणे ज्याला येत नाही त्याने इथे एकट्याने जाऊ नये.

या निर्जन भागात १५५ व्या मैलाच्या पुढे पॉ पॉ बोगदा आहे. नदी इथे डोंगरांभोवती लांबलचक वळसे घेते. ते सहा मैल टाळण्यासाठी १८३६ मध्ये डोंगर फोडायला घेतला गेला. पैसे संपले, मजुरांत दंगे झाले, काम काही वर्षे पूर्ण बंद पडले आणि ३,११८ फुटांचा, म्हणजे सुमारे ९५० मीटरचा हा बोगदा १८५० मध्ये एकदाचा पुरा झाला. आतून त्याला साठ लाखांहून अधिक विटांचे अस्तर आहे. आत दिवे नाहीत. सायकल हातात धरून चालावे असा नियम आहे, आणि हेडलाइट लावला की त्याचे कारण दिसते: वाट अरुंद आहे, दगडांवर पाणी ठिबकलेले असते, पाय ठेवावा तिथे लहान खळगे आहेत, आणि एका बाजूला काळे पाणी. त्या बाजूच्या लाकडी कठड्यावर हात फिरवला तर बोटे आडव्या खाचांत जातात. बोटींचे ओले, वाळूने माखलेले दोर वर्षानुवर्षे घासून त्या पडल्या आहेत. दोन बोटी आत समोरासमोर आल्या आणि कोणीच मागे हटेना, तेव्हा शेवटी कंपनीने ओली कणसाची ताटे जाळून धूर केला आणि दोघांनाही बाहेर काढले, अशी गोष्ट इथे सांगतात. खालच्या तोंडाशी दरडीचा धोका असल्याने वाट अधूनमधून बंद केली जाते आणि मग डोंगरावरून चढून जाणारी पायवाट हाच पर्याय उरतो. लादलेल्या सायकलसह ती नकोशी वाटते. म्हणून निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावरील बंद भागांची यादी पाहून घ्यावी. हा सल्ला सबंध मार्गालाच लागू आहे, कारण पोटोमॅकला पूर येतो, झाडे पडतात, बांध खचतात, आणि दुरुस्ती सरकारी गतीने होते.

मुक्कामाची सोय या मार्गाची सर्वांत जमेची बाजू आहे. साधारण पाच ते सात मैलांवर पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी तंबूच्या जागा आहेत. त्या विनामूल्य आहेत, एका ठिकाणी एकच रात्र राहता येते, आणि प्रत्येक जागी फिरते शौचालय, टेबल, चूल आणि हातपंप असतो. हातपंपाच्या पाण्याला आयोडीनची चव असते. ते पिण्यास चालते, पण ज्यांना ती चव सोसत नाही त्यांनी लिंबाची पूड सोबत ठेवावी. हिवाळ्यात पंपांचे दांडे काढून घेतले जातात, तेव्हा पाण्याची तजवीज गावांतूनच करावी लागते. उन्हाळ्यात पंप एखाद्या ठिकाणी नादुरुस्त असू शकतो, म्हणून एका जागी पाणी भरताना पुढच्या दोन जागांपुरते भरावे. तंबू नको असेल तर लॉक राखणाऱ्यांची काही जुनी घरे रात्रीसाठी भाड्याने मिळतात. त्यांतल्या काहींत वीज-पाणी आहे, तर काहींत मुद्दाम नाही. आरक्षण करताना ते वाचून घ्यावे.

कीटकांबद्दल कोणी मोकळेपणाने सांगत नाही, म्हणून सांगतो. मे ते सप्टेंबर या काळात डास आणि गोचीड या दोघांचा उपद्रव खरा आहे. गोचिडींमुळे लाइम रोग होऊ शकतो, तेव्हा गवतात बसल्यानंतर आणि झोपण्यापूर्वी गुडघ्यांच्या मागे, कमरेला आणि मोज्यांच्या काठाला हात फिरवून तपासणे टाळू नये. वाटेच्या कडेची तीन-तीन पानांची पॉइझन आयव्ही त्वचेला आग लावते. तिच्यावर सायकल आडवी टाकली तर तिचे तेल हँडलवर आणि पिशव्यांवर येते आणि मग हातांवर. एप्रिलचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हे दोन काळ मला सर्वांत योग्य वाटतात. एप्रिलमध्ये नदीकाठी निळ्या घंटाफुलांचे गालिचे असतात, ऑक्टोबरात पाने रंगतात, आणि दोन्ही वेळी पाण्यात पडलेल्या ओंडक्यांवर कासवे ओळीने ऊन खात बसलेली दिसतात.

ही वाट आज शिल्लक आहे यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांचा वाटा मोठा आहे. कालव्याची जागा सरकारने १९३८ मध्ये विकत घेतली होती आणि पुढे तिच्यावर मोटारींचा रस्ता बांधण्याचा प्रस्ताव आला. एका वृत्तपत्राने त्याला पाठिंबा दिला, तेव्हा १९५४ च्या मार्चमध्ये डग्लस यांनी संपादकांना कंबरलँडपासून आपल्यासोबत चालत येण्याचे आव्हान दिले. बरोबर निघालेल्यांतले थोडेच शेवटपर्यंत टिकले, पण रस्त्याचा बेत बारगळला आणि १९७१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान घोषित झाले. ताशी १५ मैलांची वेगमर्यादा, चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट देण्याचा नियम, मागून येताना घंटी वाजवण्याची सक्ती, हे सगळे त्या निर्णयाशी सुसंगत आहे. वेग हवा असणाऱ्याची इथे चिडचिडच होईल.

त्याने नदी ओलांडून लाउडन काउंटीत जावे. जगातील सर्वाधिक डेटा सेंटर ज्या काउंटीच्या पूर्व भागात आहेत, तिच्याच पश्चिम भागात अडीचशे मैलांहून अधिक कच्चे रस्ते अजून वापरात आहेत, आणि त्यांतले कित्येक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील गाड्यांच्या वाटा आहेत. ग्रॅव्हल सायकलचा जो नेमका आनंद म्हणतात, तो खरे तर इथे मिळतो: दोन्ही बाजूंना गवताळ कुरणे, चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती, लहान पण उभे चढ, उतारावर खडीत सुटणारे मागचे चाक, आणि ओढ्यावरचा एखादा अरुंद पूल. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १७३३ च्या सुमारास वसवलेले वॉटरफर्ड हे गाव संपूर्णच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, आणि लिंकन, युनिसन, फिलोमाँट या गावांभोवती दिवसभराची फेरी सहज आखता येते. इथे ३८ ते ४५ मिलिमीटरचा टायर, खालचे गिअर आणि चांगले ब्रेक पॅड लागतात. कोरड्या हवेत उतारावरची खडी पन्हाळी पत्र्यासारखी होते आणि तिथे पुढचा ब्रेक जोराने दाबणे म्हणजे पडणे. मात्र हे मोटारींचे रस्ते आहेत. मोटारी कमी असल्या तरी त्या येतात, धूळ उडवतात, आणि घोडेस्वारही येतात; घोडा दिसला की वेग कमी करून आवाज द्यावा. मुक्कामाच्या फुकट जागा, पंप, खुणेचे खांब असे काहीही नाही, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा. पूर्वी व्हाइट्स फेरीच्या तराफ्यावरून नदी ओलांडून कालवा आणि लाउडन यांची एक सुरेख गोल फेरी होत असे. ती सेवा डिसेंबर २०२० मध्ये जागेच्या वादातून बंद पडली आणि तेव्हापासून पॉइंट ऑफ रॉक्स किंवा ब्रन्सविक येथील पुलांवरून जाणे आले. या खोऱ्याचे सायकलच्या दृष्टीने झालेले हे मोठेच नुकसान आहे.

ग्रेट ॲलिगेनी पॅसेजबद्दल थोडक्यात. २०१३ मध्ये पूर्ण झालेला, कंबरलँड ते पिट्सबर्ग हा १५० मैलांचा मार्ग जुन्या रेल्वेच्या जागेवर चुनखडीची भुकटी दाबून केला आहे आणि पृष्ठभागाच्या बाबतीत कालव्याच्या वाटेपेक्षा कितीतरी सरस आहे. पाणी निचरून जाते, चिखल क्वचितच. कंबरलँडहून निघाले तर सुमारे २४ मैलांचा संथ चढ चढून २,३९२ फुटांवरील जलविभाजकाशी पोहोचता येते. बिग सॅव्हेज बोगदा हिवाळ्यात बंद असतो. केवळ सायकल चालवण्याचे सुख मोजायचे तर मी याला कालव्याहून वर ठेवीन. पण पाहण्याजोग्या गोष्टींची दाटी कालव्यावर जास्त आहे. दोन्ही जोडून जाणारे बरेच आहेत, आणि त्यांनी पिट्सबर्गकडून निघावे, म्हणजे चांगल्या वाटेवर शरीर तयार होते आणि खराब वाट उताराच्या दिशेने येते.

केवळ कालवाच करायचा असेल तर कंबरलँडहून खाली येणे मला अधिक रुचते. उताराचा फायदा नावापुरताच आहे, पण निर्जन आणि खडबडीत भाग पाय ताजे असताना उरकतो आणि गावे पुढे पुढे जवळ येत जातात. वॉशिंग्टनहून कंबरलँडला ॲमट्रॅक या रेल्वे कंपनीची गाडी जाते आणि तिच्यात सायकल उभी करून नेता येते. त्या जागा मोजक्याच असतात आणि ऑक्टोबरात लवकर संपतात, त्यामुळे माणसाचे तिकीट काढतानाच सायकलचेही आरक्षण करावे, आणि गाडीला उशीर होतो असे धरूनच पहिल्या दिवसाचा मुक्काम कंबरलँड गावातच ठेवावा.